बाईजा शाकाहारी नाय

मधलापाडा, धसईजवळ, ता. मुरबाड
५ जून २००६

माझ्या तोंडचा बोंबील तू कोणाला विचारून काढलास?

मी मेले का, म्हणून माझ्या मागे काय पण लिहायचं? बाईजा जन्मात मासा शिवली नाय, बाईजाच्या घरात तीन पिढ्या मटण शिजलं नाय. असं तू त्या कॉम्प्युटरवर लिहिलंस, आणि माझ्या नावानिशी लिहिलंस. तीन पिढ्या कुठून आणल्यास? तुझा पणजोबा ओढ्यात खेकडे धरताना घसरून कंबर मोडून बसला होता, तो काय त्यांची पूजा करायला धरत होता?

हर्षालीस आजीचा आशीर्वाद. आशीर्वाद देऊन झाला, आता पुढचं ऐक.

शेजारच्या मंगळ्याची सून वैष्णवी मुरबाडला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवते. तिने तिथं तुझं पान बघितलं. फोटो तुझा, गाव आपलं. छापून घेऊन आली आणि माझ्या ओटीवर बसून मोठ्याने वाचायला लागली. मी तेव्हा सुपात काय निवडत होते सांगू? सुकी करंदी, बारकी कोलंबी. वैष्णवीची सासू हसून हसून लोळली. म्हणते, "बाईजे, सूप लपव गो, नायतर तुला देवळातून उठवतील."

खाली लोकांनी काय काय लिहिलंय. कोणी म्हणते, अशा आजीचे पाय धरावेत. मासा न खाल्ल्याबद्दल पाय धरायचे तर आमच्या म्हशीचे धरा म्हणावं. ती खरंच जन्मात मासा शिवली नाय, आणि पाय पण चार हायत.

आता शेवळांचं. मे महिन्यात तू विचारलंस म्हणून मी शेवळांची कृती पत्रात लिहून पाठवली. त्यात करंदी होती, ती तू काढलीस. बरं, काढलीस. पण त्यात काकड कुठाय? मी वैष्णवीला दोनदा वाचायला लावलं. काकडाचं नाव नाय. मग माझ्या ध्यानात आलं, मीच लिहिलं नाय. काकड कोण लिहितं? धसईच्या बाजारात शेवळांची जुडी घेतली की विकणारी बाई वर मूठभर काकडं टाकतेच, मागावी लागत नायत. तुला पण लहानपणापासून माहीत. पण त्या शहरातल्या बायांना काय माहीत? जमिनीतून वर येणारा तो कोंब, दिसायला साधा, पण खाज एवढी की काकडं ठेचून त्यांचं आंबट पाणी घातल्याशिवाय घशाखाली घालू नये. पत्र मिळाल्या मिळाल्या त्यांना कळव. आधी काकड, मग शेवळं. माझ्या शाकाहाराचं काय करायचं ते नंतर बघू.

फोन करू नकोस. धसईच्या बूथवर मी बोलायला लागले की रांगेतली माणसं कान देऊन ऐकतात आणि मला मोकळेपणी शिव्या देता येत नायत.

बाईजा


पुणे
१२ जून २००६

ती. आजीस, हर्षालीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. दोन दिवस हातात धरून बसले होते. आजी, उशीर झाला गं. तू पत्र लिहिलंस त्याच्या आदल्याच दिवशी आमच्या कॉम्प्युटरवरच्या मंडळातल्या, डोंबिवलीच्या अनिताने शेवळं रांधली. कल्याणच्या बाजारातून आणली होती. विकणारीने काकडं दिली होती, पण अनिताला वाटलं, ही बाई कसली तरी कच्ची फळं गळ्यात मारतेय. तिने ती फेकून दिली. माझ्या कृतीत त्यांचं नावच नव्हतं ना!

दोन घास खाल्ले आणि तिची जीभ, ओठ, घसा सगळं पेटलं. नवऱ्याने उचलून डॉक्टरकडे नेली. आता ती बरी आहे. पण मंडळावर तिने लिहिलं, "हर्षाली, तुझ्या आजीला नमस्कार सांग आणि कळव की मी अजून जिवंत आहे." त्यावर जी जुंपली! एक म्हणाली, जंगली भाज्यांच्या नादी लागूच नये. दुसरी म्हणाली, तुमच्या घशाला पनीरची सवय. आणि शहापूरकडच्या कोणी तरी हळूच विचारलं, "आमच्याकडे तर शेवळं करंदी घालूनच करतात. तुमच्या आजी वेगळ्या कशा?" त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तू म्हणशील, असं कोण आहे हे मंडळ, की त्यांच्यासाठी आजीला बाटवलं. सांगते. त्याचं नाव 'हिरवं पान'. नाशिकच्या वत्सलाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत, त्यांनी काढलं. दोनशेच्या वर माणसं आहेत, त्यातल्या एकाही माणसाला मी पाहिलेलं नाही. सकाळी कोणी विचारतं, डब्याला काय? दुपारी भांडणं. केकमध्ये अंडं असतं की नसतं, मध खाल्ला तर चालतो का, ज्या कढईत दुसऱ्याने अंडं तळलं त्यात भजी तळावीत का. परवा तर कांद्यावरून दोघे चार दिवस बोलत नव्हते, म्हणजे लिहीत नव्हते.

पण संध्याकाळी साडेसातला वत्सलाबाई लिहितात, "पानं वाढली." मग जो जिथे असेल तो आपल्या पानात काय आहे ते लिहितो आणि सगळे जेवायला बसतात. मी कामावरून सुटल्यावर तिथेच डबा उघडते, समोर कॉम्प्युटर. कोणी लिहितं, माझी आमटी खारट झाली. कोणी लिहितं, थोडं पाणी घाला. आजी, पुण्यात आल्यावर पहिलं वर्ष मी एकटी जेवले. भिंतीकडे बघून.

त्यांनी एकदा विचारलं, "तुमच्या आजी शाकाहारीच असतील ना, एवढ्या भाज्या माहीत आहेत!" मी हो म्हटलं. मग ते 'हो' वाढत गेलं. रागावू नकोस.

तुझी हर्षाली


मधलापाडा
१८ जून २००६

हर्षालीस आशीर्वाद.

रागावू नकोस असं लिहून राग जात असता तर तुझ्या आजोबांनी आयुष्यभर तेवढंच काम केलं असतं.

आधी त्या अनिताचं. तिला सांग, अर्धी चूक बाईजाची. काकड लिहायला मी विसरले, हे मी माझ्या हाताने लिहितेय. बाकीची अर्धी तिची. बाजारातली बाई फुकटात काही देते तेव्हा तिला विचारावं, "बये, हे कशाला?" फेकून देणाऱ्या बाईने जंगलातली भाजी खाऊच नये. पुन्हा कधी खाज सुटली तर चिंचेचं नायतर कोकमाचं पाणी तोंडात धरायचं. डॉक्टरने काय दिलं ते मला माहीत नाय.

बरोबर कृती वैष्णवीला सांगितलीय, ती क्लासातून पाठवेल. त्यात काकड हाय आणि करंदी पण हाय. तुमी करंदी खात नाय तर खाली लिहा, "करंदी हर्षालीने काढली." मी काढलेली नाय.

तुझं मंडळ मला कळलं. विहिरीवरच्या बायका, फक्त हातात हंडे नायत. कांद्यावरून भांडणारी माणसं मला आवडली, त्यांना जेवायची फिकीर तरी हाय. आणि एकटीने भिंतीकडे बघून जेवण्यापेक्षा खारट आमटीवाल्यांबरोबर जेव, ते बरंच. त्याला माझं काय म्हणणं नाय.

पण मला आता दुसरंच दिसायला लागलंय. दिवाळीत आलीस तेव्हा बोकडाची वजडी तशीच पानात ठेवलीस. म्हणालीस पोट बिघडलंय. शिमग्याला आलीस तेव्हा बोंबलाचं कालवण नुसतं बाजूला सारलंस. पुन्हा पोट. मी तुला दोन दिवस ओव्याचं पाणी पाजलं, तू गपचूप प्यायलीस. मी शहापूरला तुझ्या आईला निरोप धाडला, पोरीला दाखवून आण. आता कळलं. पोट नाय, पोरगा हाय. त्या मंडळात कोणी शाकाहारी बघून ठेवलायस, आणि त्याच्या घरी दाखवायला आजी धुऊन पुसून ठेवायचीय. कोण तो? कुठला? त्याच्याशी पहिलं खोटं माझ्या नावाने बोलू नकोस. सरळ सांग.

बाईजा


पुणे
२६ जून २००६

ती. आजीस सा. न.

पोरगा नाही! शपथ. मंडळातले पुरुष एकतर साठीचे आहेत नाहीतर बायकोने नोंदवलेले. पोटाचं मी नंतर लिहीन.

आता एक मोठंच होऊन बसलंय. तुझी अर्धी चूक मी मंडळावर लिहिली. अनिता हसली, म्हणाली, "चूक कबूल करणारी बाई भेटायला हवी." तिचा राग गेला. वत्सलाबाईंनी लगेच ठरवलं की सहा जणांनी सोळा जुलैला, रविवारी, तुझ्याकडे यायचं, रानभाज्या बघायच्या, तुझ्या हातचं जेवायचं. मला त्या दिवशी कामावर हजर राहायचं आहे, सुटी मिळत नाही. म्हणजे तू एकटीच.

आजी, वत्सलाबाई फार कडक आहेत. ज्या घरात मासा शिजतो तिथलं पाणी त्या पीत नाहीत. तेव्हा एवढं करशील का? चुलीच्या वर टांगलेली करंदीची शिंकाळी एक दिवसापुरती मंगळ्याकाकांच्या घरी ठेव. भांडी घासून उन्हात टाक. वैष्णवीच्या सासूला गप्प बसायला सांग. आणि त्यांनी विचारलं तर नुसती मान हलव. तोंडाने खोटं बोलू नकोस, मान हलव फक्त. नंतर सगळं विसरून जाऊ.

त्यांना कळलं तर माझं संध्याकाळचं पान उठलं म्हणून समज.

तुझी हर्षाली


मधलापाडा
१ जुलै २००६

मान हलवायला मी काय नंदीबैल हाय?

हर्षाली, आता बस आणि नीट वाच. भाताच्या आवणीचे दिवस हायत, चिखलातून पाय काढून लिहितेय, दोनदा लिहिणार नाय.

तुझी थोरली आजी सुंदरा, माझी जाव. तू दोन वर्सांची असताना गेली म्हणून तुला आठवत नाय. तिने तरुणपणीच माळ घातली. मासा बंद, मटण बंद, अंडं बंद. घर एक, चूल एक. मग काय केलं? चुलीवर माझी तपेली आणि शेजारच्या वैलावर, जिथं चुलीचाच जाळ जातो, तिथं तिचं मडकं. वीस वर्सं. माझी पळी तिच्या मडक्यात गेली नाय. तिने माझ्या तपेलीकडे बघून नाक धरलं नाय. भांडलो आमी खूप, पण सरपणावरून, पाण्यावरून, आणि एकदा कोंबडीवरून, ती पण माझी कोंबडी तिच्या वाफ्यात गेली म्हणून. खाण्यावरून कधी नाय. कारण तिने कोणाला सांगितलं नाय की बाईजा पण माळकरी हाय. आणि मी कोणाला सांगितलं नाय की सुंदरा गपचूप खाते.

तुझ्या वत्सलाबाईचा मला राग नाय. मासा शिजतो तिथलं पाणी पीत नाय म्हणते, तिचं ती म्हणते, तोंडावर म्हणते. अशा बाईला मी फसवून माझ्या घरचं पाणी पाजू? तिचं व्रत मोडायचं ते मी, आणि कारण काय, तर तुला आमटी खारट झाली हे लिहायला माणसं हवीत!

तेव्हा असं. त्यांना येऊ दे. पाहुणा नको म्हणणारं हे घर नाय. नवीन मडकी आणून ठेवते, चूल सारवते. करंदी जिथं हाय तिथंच राहील. पण त्याआधी तू त्यांना खरं कळवायचं. नाय कळवलंस तर पत्रावळी मांडून झाल्या की मी उभी राहून सांगेन, "बायांनो, मी बाईजा, मी मासा खाते, माझी नात खोटं बोलली, आता जेवा नायतर उठा." मग भरल्या पानावरून तुझ्या वत्सलाबाईला उठावं लागेल. ते तुला बरं वाटतं का बघ.

आणि पोटाचं नंतर लिहीन म्हणालीस, ते मी विसरलेले नाय.

बाईजा


पुणे
८ जुलै २००६

ती. आजीस सा. न.

कळवलं.

बुधवारी संध्याकाळी वत्सलाबाईंनी "पानं वाढली" लिहिलं, तेव्हा मी लिहिलं, "माझ्या पानात काय आहे ते सांगण्याआधी एक सांगते. माझी आजी मासे खाते. पहिल्यापासून खाते, आवडीने खाते. शेवळांत करंदी होती, ती मी काढली. तीन पिढ्यांचं मी मनानेच लिहिलं."

डब्यातली पोळी तशीच होती. मग एकीने लिहिलं, "बाई गं!" एकाने लिहिलं की आम्ही इथे विश्वासावर येतो. दोघं मंडळ सोडून गेली. त्यातली एक ती तुझे पाय धरणारी होती. अनिताने विचारलं, "मग काकड तरी खरं का?" मी लिहिलं, "काकड खरं, करंदी खरी, मी खोटी."

दोन दिवस पानं कोणीच वाढली नाहीत. शुक्रवारी वत्सलाबाईंनी लिहिलं की हर्षालीने महिनाभर एकही कृती लिहायची नाही, जेवायला मात्र यायचं. अगदी शाळेतल्यासारखं. आणि मग विचारलं, "आजींचं बोलावणं अजून आहे का?" मी तुझं वाक्य लिहिलं, पाहुणा नको म्हणणारं ते घर नाही. त्यांनी लिहिलं, "मी येईन. पाणी माझं आणीन, भांडं माझं आणीन, माझं मी रांधीन." तिघांनी बेत मोडला. त्या, अनिता आणि अनिताचा नवरा येतील.

आता पोटाचं. आजी, मी मासा सोडला. इथं खोली घेतली तेव्हा घरमालकीणबाईंची अटच होती, म्हणून आधी सोडला. पण गेल्या वर्षी त्या महिनाभर गावी गेल्या. ऑफिसातल्या मैत्रिणीने तळलेले बोंबील आणले, माझ्या पानात वाढले. कोणी बघणारं नव्हतं, कोणी अडवणारं नव्हतं. मी बघत बसले आणि मला नको वाटलं. घाण वाटली असं नाही. नुसतं नको वाटलं. तेव्हा कळलं की आता हे माझंच आहे.

तुला सांगायला धीर झाला नाही. लहानपणापासून कालवणातला मधला तुकडा तू माझ्याच पानात टाकलास. तो नको असं तुला कसं म्हणू? तुला एवढं सांगण्यापेक्षा दोनशे अनोळखी माणसांना तू शाकाहारी आहेस असं सांगणं सोपं गेलं. आता लिहिताना वाचलं तर वेडेपणा दिसतोय, पण तसंच झालं.

तुझी हर्षाली


मधलापाडा
१८ जुलै २००६

हर्षालीस आशीर्वाद.

येऊन गेले. सगळे जिवंत हायत.

धसईला एसटीतून उतरून तिघं चिखलातून चालत आली. वत्सलाबाई पुढं, हातात पाण्याचा कॅन, खांद्याला पिशवी, पिशवीत पातेलं वाजतंय. उंची एवढीशी, पण आवाज पाटलाच्या वरताण. उंबऱ्यात उभी राहिली आणि वर बघितलं.

"ती करंदी का?"

"होय."

"काढून नाही ठेवलीत?"

"माझ्या घरात मीच चोरून राहू का?"

तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग म्हणते, "बरं केलंत. मी पडवीत बसते."

बसली. आत आली नाय, मी ओढली नाय. तीन दगड मांडून दिले, लाकडं दिली. तिला चूल पेटवायची सवय नाय. फुंकून फुंकून डोळे लाल. मी म्हटलं, "बाई, पोरांना एवढी वर्सं शिकवलंत, लाकडाला शिकवता येत नाय?" म्हणते, "लाकूड तुमच्या नातीसारखं आहे, ओलं असलं की धूर फार करतं." मी मोठ्याने हसले. मला ती तिथंच पटली. मग मी दोन सुकी लाकडं दिली.

अनिताला घेऊन मी बांधावर गेले. टाकळा दाखवला, कुर्डू दाखवली. प्रत्येक पान हातात घेऊन विचारते, "आजी, ह्याला खाज नाही ना? नक्की ना? ह्याच्याबरोबर काही घालायचं राहत नाही ना?" मी म्हटलं, "मीठ." तरी ते वहीत लिहून घेतलं. मी कोऱ्या मडक्यात कुर्डू केली, टाकळा केला, नाचणीच्या भाकऱ्या भाजल्या. अनिता पोटभर जेवली. नवरा तिच्यापेक्षा जास्त. तिची पाठ फिरली तशी मला हळूच म्हणतो, "मावशी, ती वर टांगलेली, थोडी भाजून मिळेल का?" मी म्हटलं, "मिळेल की. बायकोला विचारून ये." तो परत टाकळ्याने भाकरी खायला लागला.

वत्सलाबाईने पडवीत तिच्या पातेल्यात टाकळाच केला. तिने चव मला दिली, मी खाल्ली. मीठ कमी, लसूण नाय, तरी बरा. तसं मी तोंडावर सांगितलं. माझा ती खाणार नाय हे मला माहीत होतं, मी विचारलं पण नाय. उन्हाची तिरीप आली तशी दोघी पडवीत बसून बोललो. तिने विचारलं, "कृती देत राहाल का मंडळाला?" मी म्हटलं, "देईन. मी जशी रांधते तशी देईन. तुमाला काय गाळायचं ते गाळा, पण गाळलंय म्हणून खाली लिहा." म्हणाली, लिहू. तुझ्याबद्दल एवढंच म्हणाली, "पोरीने खोटं भरपूर लिहिलं, पण खरं लिहायला बसली तेव्हा काही राखून ठेवलं नाही." ते मी तुला कळवते, पण त्याने फुगू नकोस.

आता तुझ्या पोटाचं.

एवढंच होतं? ह्यासाठी मला दोन दिवस ओवा उकळायला लावलास? तुला मासा नको तर नको. मधला तुकडा मी खाईन, मला पण आवडतो, इतकी वर्सं तुझ्यासाठी सोडत होते. मी रागावणार कशाला? तू मासा सोडलास ह्याचा मला राग नाय. तू मला घाबरलीस ह्याचा हाय. मी सुंदराबरोबर वीस वर्सं एका जाळावर रांधलं, आणि माझ्याच नातीला वाटावं की बाईजाला एवढं पण सोसणार नाय! ह्याबद्दल तुला दोन शिव्या देणार होते. पण पाहुणे गेल्यापासून माझं मन बरं हाय, त्या तशाच राहू दे.

एक काम उरलंय, ते माझं नाय. भादव्यात गणपती येतील. गौरी गेल्या की आपल्या घरात मटणाचं तिखट शिजतं, सगळी भावकी पंगतीला बसते, हे तुला माहीत हाय. शहापूरहून तुझे आई-बाप येतील, काका येतील, वैष्णवीची सासू न बोलावता येईल. तुझ्या आईने परवाच विचारलं, पोरीच्या पोटाचं काय झालं? मी म्हटलं, तिलाच विचार. त्या दिवशी मी तुझ्यासाठी वेगळं मडकं चढवीन, तुझं पान सगळ्यांच्या पानाला लावून मांडीन, मधे नाय, कोपऱ्यात नाय. वाढणारी तिखटाचं पातेलं घेऊन तुझ्यासमोर येईल. तिथं काय म्हणायचं ते मी म्हणणार नाय. मी मान पण हलवणार नाय.

तेव्हा आता लिही, गौरीला येतेस की नाय. वत्सलाबाईने तुझ्या वतीने कळवायचं नाय. वैष्णवीच्या छापलेल्या कागदावर यायचं नाय. आईकडून निरोप नको. पत्राचं उत्तर तू तुझ्या हाताने द्यायचं, आणि पंगतीतलं उत्तर तू तुझ्या तोंडाने.

बाईजा